धडा अकरावा

खोकं डिसेंबरात आलं.
टपालपेटीत मावेना, म्हणून पोस्टवाल्यानं
खांबाला टेकवून ठेवलेलं, वर बोटभर बर्फ.
आत बत्तीस धडे, कोळशाच्या कांड्या,
कणकेसारखं मळता येणारं खोडरबर
आणि एक पातळ वही: शिकवणाऱ्यासाठी सूचना.

शिकवणारा म्हणजे मी.
शाळेत एकदा ट्रॅक्टर काढला होता,
बाईंनी कौतुकानं विचारलं, गाय का रे?
त्यानंतर पेन्सिल धरली ती
गव्हाचे टन लिहायला.

मंगळवार, गुरुवार, सकाळी दहा.
टेबलावरचं मेणकापड उलटं घालायचं.
दारका बाह्या दुमडून बसते, दात काढायला आलेल्या डॉक्टरसारखी.
मार्कियान रबर मळून उंदीर करतो,
उंदराला शेपूट फुटल्याशिवाय धडा सुरू होत नाही.
बाहेर उणे एकतीस. सस्कॅचवानचा जानेवारी
खिडकीला नाक लावून बघत असतो.

पहिला धडा रेघ. दुसरा पुन्हा रेघच,
पण कंटाळलेली.
तिसऱ्यात किटली, कागदाकडे न बघता;
तिघांच्याही किटल्या सांडल्या.

चौथा धडा हात.
जे ठाऊक आहे ते नको, दिसतं ते काढा.
मी माझा डावा पंजा मध्ये ठेवला.
तर्जनीचं एक पेर धान्य चढवायच्या यंत्रानं खाल्लेलं,
त्याला आता नऊ वर्षं होतील.
दारकानं बोट आखूड काढलं, नखाशिवाय, तंतोतंत.
मार्कियाननं पाचही धडधाकट.
म्हटलं, नीट बघ.
म्हणाला, हा आधीचा हात आहे.
वही चाळली. यावर काही नव्हतं.

मग कसेबसे अकराव्याला पोचलो.
रस्त्याच्या दोन्ही कडा क्षितिजावर एका ठिपक्यात मिळतात,
लांब जाईल ते लहान होत जातं,
आणि शेवटी दिसेनासं.
मला वाटलं, हा धडा तर आमच्याच घरात लिहिलाय!
खिडकीतून दिसतो तो रस्ता,
मध्ये झाड नाही, वळण नाही, लपायला जागा नाही.
पट्टी दिली. ठिपका दाखवला.

दारकानं पट्टी बाजूला सारली.
तिथं मिळत नाहीत, म्हणाली.
आई तिथून पुढं जाते.

स्तेफका दोन आठवडे उत्तरेत असते,
खाणीच्या छावणीत, तीनशे माणसांचं रांधायला,
दोन आठवडे घरी.
त्या सोमवारीच तिची गाडी
याच खिडकीतून बघितली होती आम्ही,
वाटाण्याएवढी, मोहरीएवढी, मग नुसताच रस्ता.

मी म्हटलं, बाळा, हे फक्त दिसण्यापुरतं.
ती म्हणाली, मग दिसणंच चुकतंय.
कागदाला दुसरा कागद चिकटवला, त्याला तिसरा.
रस्ता टेबल संपवून खाली उतरला,
फ्रिजपाशी गेला.
पाचव्या कागदावर विमान, छावणीचे दिवे,
आणि सगळ्यात शेवटी स्तेफका,
विमानापेक्षा मोठी, हातात झारा,
ॲप्रनवरचे डागसुद्धा मोजून सात.
मार्कियाननं तिच्या पायाशी उंदीर ठेवला.

वहीत लिहिलंय, नेहमी होणाऱ्या चुका:
मूल दूरची वस्तू मोठी काढतं.
हळुवारपणे आठवण करून द्या.

मी आठवण करून दिली नाही.
चिकटपट्टी संपली होती, ती यादीत लिहिली.
पाच कागदांवरून सूप वाढायला गेलो,
वाट वाकडी करून.

अकराव्यापुढची चौकट कोरीच आहे.
बाराव्यात छाया येते,
त्याला एक पांढरं अंडं लागतं.
आमच्या कोंबड्या तपकिरी देतात.